काकांच्या ट्रंकेतील ‘ग्रॅडियस’चा भाव

प्रश्न : आमची गिरगावातील चाळ पुनर्विकासाला गेली असून पुढील महिन्यात आम्हाला बोरिवलीला भाड्याच्या घरात राहायला जायचे आहे. आवराआवर करताना माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत माझ्या काकांचा जुना जपानी टीव्ही गेम सापडला. काका मालवाहू बोटीवर नोकरीला होते आणि निवृत्त झाल्यापासून आमच्याकडेच असतात. ट्रंकेत लाल-पांढऱ्या रंगाचे यंत्र आहे, ‘ग्रॅडियस’ नावाच्या, अवकाशयानातून गोळ्या झाडण्याच्या खेळाची कॅसेट खोक्यासह आणि माहितीपुस्तिकेसह आहे, शिवाय खोके नसलेल्या आणखी आठ-दहा कॅसेट आहेत. माझ्या भाच्याने हीच कॅसेट इंटरनेटवर तीन लाखांना विकायला ठेवलेली पाहिली आणि अमेरिकेत असाच एक जुना खेळ अकरा कोटींना गेल्याची बातमीही दाखवली. तेव्हापासून ताईचे म्हणणे आहे की विक्रीत तिचाही वाटा असला पाहिजे. चोर बाजारातील एक व्यापारी सगळ्याचे मिळून अडीच हजार द्यायला तयार आहे. खरी किंमत किती समजावी, आणि काय करावे?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपण आकडा विचारला आहे, म्हणून आधी आकडाच सांगतो. आपण वर्णन केलेल्या स्थितीतील, म्हणजे वापरलेली पण खोके व पुस्तिका सांभाळलेली, जपानी आवृत्तीची ‘ग्रॅडियस’ची कॅसेट अस्सल असेल, तर संग्राहकांच्या बाजारात तिचे साधारण दीड ते तीन हजार रुपये येतील, खोके नसते, तर हजाराच्या आतच भागले असते. लाख हा शब्द या व्यवहारातून काढून टाकावा. ताईंनाही हा परिच्छेद वाचून दाखवावा, म्हणजे निम्मा वाद इथेच मिटेल.

आता भाच्याने पाहिलेल्या दोन आकड्यांविषयी. तीन लाख हा कोणीतरी मागितलेला भाव आहे, कोणी मोजलेला नव्हे. आपल्या चाळीच्या जागी उभ्या राहणाऱ्या इमारतीतील सदनिकेचा जाहिरातीतला भाव आणि निबंधक कार्यालयात नोंदला जाणारा भाव यांत जेवढे अंतर असते, त्याहून अधिक अंतर जुन्या खेळांच्या मागणीभावात आणि विक्रीभावात असते, कारण संकेतस्थळावर वस्तू वर्षभर पडून राहिली तरी विक्रेत्याचे काही जात नाही. भाच्याला संगणकाची सवय आहे, तर त्याने ईबे या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर केवळ विकल्या गेलेल्या वस्तू दाखवणारी गाळणी लावावी, म्हणजे प्रत्यक्षात किती रकमेला व्यवहार झाले ते दिसेल. ‘प्राइसचार्टिंग’ हे संकेतस्थळही झालेल्या विक्रीवरूनच भाव काढते आणि सुटी कॅसेट, खोके-पुस्तिकेसह कॅसेट आणि न उघडलेली कॅसेट यांचे भाव वेगवेगळे देते. हे तीन भाव एकमेकांत मिसळू नयेत. त्याचप्रमाणे जपानी आवृत्ती आणि अमेरिकी आवृत्ती यांचीही गल्लत करू नये. जपानी फॅमिकॉमची, म्हणजे निन्टेन्डो कंपनीच्या आपल्याकडील लाल-पांढऱ्या यंत्राची, कॅसेट लहान असते आणि तिच्या तळाशी साठ पिना असतात. निन्टेन्डोच्या अमेरिकेतील यंत्राची कॅसेट राखाडी, आकाराने बरीच मोठी आणि बहात्तर पिनांची असते. खेळ तोच असला, तरी विकत घेणारे लोक वेगळे, त्यामुळे भावही वेगळे.

अकरा कोटींची बातमी मात्र खरी आहे. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेतील हेरिटेज या लिलावसंस्थेत ‘सुपर मारिओ ६४’ची एक प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. परंतु ती प्रत कारखान्यातून निघाल्यापासून कधीही उघडलेली नव्हती, तिचे प्लॅस्टिकचे वेष्टन शाबूत होते आणि श्रेणी ठरवणाऱ्या संस्थेने तिला दहापैकी ९.८ गुण देऊन पारदर्शक पेटीत बंद केले होते. टाळेबंदीच्या काळात घरी बसलेल्या लोकांमुळे जुन्या खेळांचे भाव सगळीकडेच चढले होते, आणि त्या चढत्या बाजारात गुंतवणूकदारही उतरले होते. पुढे ती तेजी ओसरली. ज्या कॅसेटवर एखादा मनुष्य प्रत्यक्ष खेळला आहे, तिचा त्या लिलावाशी काही संबंध नाही.

तरीही एक प्रश्न उरतो, आणि तो रास्त आहे. ‘ग्रॅडियस’ इतका नावाजलेला खेळ असताना तो एवढा स्वस्त का? कोनामी या जपानी कंपनीने तो १९८५ मध्ये प्रथम नाणे टाकून खेळायच्या यंत्रांसाठी काढला आणि एप्रिल १९८६ मध्ये घरगुती फॅमिकॉमवर आणला. शत्रूचा थवा पाडल्यावर मिळणाऱ्या कॅप्सूल गोळा करून वेग, क्षेपणास्त्र, लेझर यांपैकी कोणते बळ केव्हा घ्यायचे हे खेळणाऱ्याने स्वतः ठरवायचे, ही त्याची खुबी होती आणि पुढील अनेक खेळांनी ती उचलली. वर-वर-खाली-खाली-डावीकडे-उजवीकडे अशी सुरू होणारी, बटणे त्या क्रमाने दाबली की बळे एकदम देणारी जी प्रसिद्ध गुप्त कळ आज खेळ न खेळणाऱ्यांनाही ठाऊक असते, ती याच घरगुती आवृत्तीत प्रथम आली. ही घरगुती आवृत्ती तयार करणारे काझुहिसा हाशिमोतो यांना चाचणी करताना खेळ फार अवघड वाटू लागला, म्हणून त्यांनी ती आत ठेवली होती. मात्र नावाजलेला असल्यामुळेच हा खेळ भरपूर छापला गेला, भरपूर विकला गेला आणि जपानमधील घराघरांत उरला. शिवाय तो नुसता खेळायचा असेल, तर जुनी कॅसेट लागतच नाही, कारण २०१६ मध्ये निन्टेन्डोने जुन्या खेळांच्या आठवणीखातर काढलेल्या छोट्या यंत्रातही तो आयताच भरलेला आहे. पुरवठा मुबलक आणि खेळणाऱ्यांची गरज दुसरीकडे भागलेली, मग भाव कशाच्या बळावर चढणार?

अवकाशयुद्धाच्या खेळांत महाग कोण असते, हे पाहिले की चित्र अधिक स्पष्ट होते. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’पासून दहा-बारा वर्षे जपानमध्ये या प्रकाराची चलती होती. १९९१ मध्ये ‘स्ट्रीट फायटर २’ आला आणि खेळघरांतील गर्दी समोरासमोरच्या मारामारीच्या खेळांकडे वळली. त्यानंतर निघालेले अवकाशयुद्धाचे खेळ थोडे छापले गेले, कारण दुकानदारांनाच त्यांची खात्री राहिली नव्हती. ‘समर कार्निव्हल ९२ : रेक्का’ हा खेळ १९९२ मध्ये फॅमिकॉमवर आला, तेव्हा निन्टेन्डोचेच नवे यंत्र, सुपर फॅमिकॉम, येऊन दीड वर्षाहून अधिक काळ लोटला होता. जुन्या यंत्राकडून एवढी वेगवान करामत कशी करून घेतली याचे जाणकारांना आजही आश्चर्य वाटते, पण तेव्हा तो विकत घेणारे थोडे होते. त्याची अस्सल कॅसेट आज दहा हजार रुपयांच्या बरीच वर जाते. ‘रेडियंट सिल्व्हरगन’ १९९८ मध्ये सेगा कंपनीच्या सॅटर्न या यंत्रावर आला, तोही त्या यंत्राचे दिवस भरत आल्यावर आणि केवळ जपानमध्ये. तोही संग्राहकांच्या यादीत वर्षानुवर्षे वरच्या जागी राहिला. तात्पर्य, या बाजारात गाजलेला खेळ स्वस्त आणि ज्याच्याकडे त्या काळी कोणी वळून पाहिले नाही तो महाग, असा उलटा हिशेब पुष्कळदा असतो. म्हणून माझी खरी उत्सुकता आपल्या ‘ग्रॅडियस’पेक्षा त्या खोके नसलेल्या आठ-दहा कॅसेटविषयी आहे, ज्यांचे नावही आपण पत्रात दिलेले नाही. त्यांच्या लेबलांची स्पष्ट छायाचित्रे काढून त्यांचा शोध भाच्यालाच घेऊ द्यावा. त्या बहुधा साध्या निघतील. पण पाहिल्याशिवाय ट्रंक कोणाच्या हवाली करू नये.

आता ‘अस्सल असेल तर’ या माझ्या अटीकडे वळतो. १९८० च्या दशकात तैवानमध्ये तयार झालेल्या फॅमिकॉमच्या नकली कॅसेट हाँगकाँग आणि सिंगापूरच्या बाजारांत सर्रास मिळत, आणि नव्वदीत मुंबईत ‘समुराई’सारख्या यंत्रांबरोबर ज्या पिवळ्या किंवा काळ्या कॅसेट घराघरांत आल्या, त्याही बहुतेक याच जातीच्या होत्या. बोटीवरचा मनुष्य कोबे-योकोहामालाही जातो आणि सिंगापूरलाही. त्यामुळे काकांनी वस्तू कोणत्या बंदरात घेतली, दुकानात घेतली की पदपथावर, यावर बरेच अवलंबून आहे. इथे मला एक गोष्ट स्पष्ट म्हणावीशी वाटते. आपल्या पत्रात भाच्याचे मत आहे, ताईंचे आहे, व्यापाऱ्याचे आहे. ज्यांची ट्रंक आहे आणि जे आपल्याच घरात राहतात, त्या काकांचे मत मात्र एका ओळीतही नाही. वस्तू त्यांची आहे. ती विकावी की नाही हे त्यांनी ठरवायचे आहे, आणि विकली तर पैसेही त्यांचेच. त्यात आपला वाटा किती आणि ताईंचा किती, हा प्रश्न आज उद्भवतच नाही. काकांना विचारावे, आणि विचारताना आधी किंमत सांगू नये, आधी त्या बंदराची आठवण विचारावी.

आठवण अंधुक निघाली, तर वस्तूवरूनही बरेच कळते. कॅसेट सुरळीत चालते म्हणून ती अस्सल आहे असे मुळीच नाही, कारण नक्कल करणारे मूळ प्रोग्रॅमच जसाच्या तसा उतरवतात आणि वर सांगितलेली गुप्त कळ नकली कॅसेटमध्येही तितकीच इमाने चालते. लेबलाची छपाई भिंगाखाली पाहावी. अस्सल लेबलावरची बारीक जपानी अक्षरे धारदार असतात आणि रंगांच्या कडा एकमेकांवर चढलेल्या नसतात. नकलेत अक्षरे फुगीर दिसतात आणि चित्र किंचित धुरकट असते. खोक्यावर आणि पुस्तिकेवर कोनामीचे नाव व उत्पादनाचा सांकेतिक क्रमांक एकसारखा आहे की नाही तेही तपासावे; खोके आणि पुस्तिका सोबत असणे हीच आपल्या बाजूची सर्वांत मोठी खूण आहे, कारण स्वस्त नक्कल विकणारे त्या काळी पुस्तिका छापण्याच्या भानगडीत सहसा पडत नसत. लॅमिंग्टन रोडवरचा एखादा दुरुस्ती करणारा कॅसेट उघडून आतील पट्टी पाहू या म्हणेल. तसे करू देऊ नये. फॅमिकॉमच्या कॅसेटला स्क्रू नसतात, तिचे दोन भाग आतल्या खाचांनी एकमेकांत अडकवलेले असतात, आणि स्क्रू-ड्रायव्हरने ते उचकटताना खाच तुटली की संग्राहक लगेच भाव पाडतो. शिवाय आत चिपऐवजी काळा ठिपका दिसला की माल नकली, असा जो समज आहे तोही पूर्ण खरा नाही. काही अस्सल जपानी कॅसेटमध्येही तसा ठिपका असतो.

स्थितीविषयी थोडक्यात. कॅसेटच्या मागे काकांनी पेनने स्वतःचे नाव लिहिले असण्याची शक्यता आहे, बोटीवर सामान एकमेकांत मिसळते म्हणून लोक तसे करत. ते खोडण्यासाठी थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावू नये, प्लॅस्टिक पांढरे पडते. जपानमधील मुलांनीही अशीच नावे लिहून ठेवलेली असतात आणि त्यासाठी भाव थोडासाच कमी होतो. फाटलेल्या खोक्याला सेलोटेप लावू नये. पिनांवर काळसर थर आला असेल, तर औषधाच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन हलकेच पुसावे. पॉलिश पेपर घासू नये आणि लहानपणी आपण सगळेच करायचो तशी तोंडाने फुंकरही मारू नये, कारण फुंकरीतला ओलावाच पुढे पिना खराब करतो. बोरिवलीच्या घरात पावसाळा काढायचा आहे, तेव्हा पत्र्याची ट्रंक सोडून घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या वापराव्यात. खोक्याच्या पुठ्ठ्याला बुरशीचा डाग पडला, तर त्याची निम्मी किंमत गेली असे समजावे. कसरीच्या भीतीने डांबराच्या गोळ्या मात्र त्या डब्यात टाकू नयेत. त्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिक मऊ आणि चिकट होते.

यंत्राविषयी आपण अगदीच कमी लिहिले आहे, वास्तविक चालू स्थितीतील लाल-पांढरा फॅमिकॉम आपल्या कॅसेटपेक्षा अधिक पैसे देईल. हे यंत्र जुलै १९८३ मध्ये जपानमध्ये आले आणि पहिल्या काळातील यंत्रांच्या हातातील नियंत्रकावर चौकोनी, रबरी बटणे होती. ती अडकून बसत, म्हणून पुढे गोल आणि टणक बटणे बसवण्यात आली. आपल्याकडील बटणे चौकोनी असतील, तर संग्राहक अधिक रस घेतील. एक सावधगिरी मात्र आवर्जून घ्यावी : जपानी अडॅप्टर शंभर व्होल्टसाठी बनवलेला असतो आणि आपल्या घरातील वीज दोनशेतीस व्होल्टची आहे. काका त्या काळी वापरत असलेला ट्रान्सफॉर्मर ट्रंकेत नसेल, तर तो अडॅप्टर भिंतीतल्या प्लगला लावूच नये. वीज नीट मिळाली तरी चित्र दिसेलच असे नाही, कारण यंत्र अँटेनाच्या मार्गाने आणि जपानी वाहिनीवर चित्र पाठवते, ते आपल्या टीव्हीला सहसा सापडत नाही. कॅसेट तपासण्यापुरते एखाद्या ओळखीच्या घरी जुना ‘समुराई’ किंवा तसलाच साठ पिनांचा टीव्ही गेम मिळतो का पाहावे. जपानी कॅसेट त्यात बसते.

चोर बाजारातील व्यापाऱ्याने फसवणूक केली असे मी म्हणणार नाही. त्याला दुकानभाडे आहे, माल किती दिवस पडून राहील हे माहीत नाही आणि यंत्र चालते की नाही याचा धोकाही तोच पत्करतो आहे. घाऊक भाव असाच असतो. मात्र यंत्र, खोक्यासह कॅसेट आणि बाकीच्या कॅसेट असे तीन भाग करून थेट संग्राहकांना दिले, तर अडीच हजारांहून बरेच अधिक यावेत. गिऱ्हाईक मुंबई-पुण्यातले पाहावे आणि वस्तू समोरासमोर चालवून दाखवून द्यावी. परदेशी ग्राहकाला पाठवण्याचा मोह टाळावा. दोन-तीन हजारांच्या वस्तूसाठी स्पीड पोस्टचा खर्च, कस्टमचे कागद आणि वाटेत खोके चेपण्याची भीती यांतच नफा संपतो. स्थलांतराच्या धांदलीत घाई करून विकण्याचेही कारण नाही, कारण अशा सामान्य वस्तूचा भाव पुढील वर्षभरात फारसा हलत नाही. काका म्हणाले की विकायचे नाही, तर विषय संपला. पुढील काही महिने ते नव्या जागेत अनोळखी शेजाऱ्यांत राहणार आहेत, आणि त्या यंत्रावर भाच्याबरोबर चार डाव खेळायला त्यांना आवडेल असा माझा कयास आहे.

एकच शक्यता अशी आहे की जिच्यामुळे वर दिलेला आकडा मला मागे घ्यावा लागेल. १९८६ मध्ये जपानमध्ये ‘आर्किमेंडेस’ नावाच्या झटपट नूडल्सच्या प्रचारासाठी ‘ग्रॅडियस’ची एक वेगळी आवृत्ती बक्षीस म्हणून वाटण्यात आली होती. ती दुकानात विकली गेली नाही, आणि खेळातील बळ देणाऱ्या कॅप्सूलच्या जागी तीत नूडल्सचा कप दिसतो. आपली साधीच दुकानातील प्रत असणार असे मला वाटते. परंतु तपासायला मिनिटभरही लागत नाही. खेळ सुरू करून सुरुवातीला येणारा शत्रूचा थवा पूर्ण पाडावा आणि मागे काय उरते ते पाहावे. लालसर कॅप्सूल उरली, तर वरचा हिशेब कायम. कप दिसला, तर व्यापाऱ्याला तूर्त नकार कळवावा, कॅसेटच्या दोन्ही बाजूंची आणि पडद्याची छायाचित्रे काढावीत आणि मला पुन्हा लिहावे.